कणसरीची जागा

"थांब भाऊ, आधी जागा पुसू दे," असं ती म्हातारी म्हणायची आणि माझ्या टेबलाशेजारची जमीन तळहाताने साफ करायला लागायची. बाकडं होतं हो! गिऱ्हाइकांसाठी मी पदरमोड करून आणलेलं चांगलं सागवानी बाकडं. त्यावर सरपंच बसायचे, पॉवरलूमवर रात्रपाळी करून आलेली माणसं पेंगत बसायची. ही कधी बसली नाही. दोन-तीनदा हात फिरवायचा, खडे बाजूला सारायचे, मग आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा हात जमिनीवर क्षणभर ठेवायचा, आणि मगच टेकायचं. पहिल्यांदा मला हसू आलं. म्हटलं, "आजी, कचेरीचं आवार आहे. रोज झाडतात."

"झाडत आसतील," ती म्हणाली, "ईचारत न्हाय ना."

आता कुणाला विचारायचं, कशाला विचारायचं, हे मी विचारलं नाही. सकाळची वेळ होती आणि सहा माणसं रांगेत होती.

मी अर्जनवीस. हा शब्द आता मागे पडलाय, म्हणून सांगतो. भिवंडीत एका सरकारी कचेरीच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या छपराखाली, मराठी टाइपरायटर घेऊन मी पंचवीस वर्षं बसलो. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, हद्दीचा वाद, जे म्हणाल ते. मागच्या गल्लीतून लूमची खटखट आणि पुढून माझ्या मशीनची, अशात माझा जन्म गेला. मी राहायला टेमघरला. माझ्या अर्जांना आत किंमत होती. साहेब लोक म्हणायचे, "हा अर्ज त्या टेमघरवाल्याचा दिसतोय, नेटका आहे." मला त्याचा ताठा होता. लोक येऊन तासभर रडगाणं गायचे आणि मी त्यातून पाऊण पान काढायचो. उरलेलं सगळं फापटपसारा. अर्जात अश्रू चालत नाहीत, असं मी नव्या मुलांना तोंड वर करून शिकवायचो. ऐंशीच्या दशकाची शेवटची दोन-चार वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा मला माझ्याइतकं शहाणं कुणी दिसत नव्हतं.

ती वारली जमातीची. वडप्याच्या पलीकडे, हायवेपासून आत, पाच-पंचवीस घरांचा पाडा होता, तिथली. वय तिलाही माहीत नव्हतं. नवरा जिवंत होता, पण डोळ्यांनी पार अधू, घरातच असायचा. म्हणून कचेरीच्या वाऱ्या हिच्या नशिबी आल्या. नाव मी सांगत नाही. तिचं नाव घ्यायला माझं तोंड राहिलेलं नाही, ते का ते कळेलच. मी तिला आजी म्हणायचो, ती मला भाऊ.

आजूबाजूच्या पाड्यांत लग्न निघालं की चौक काढायला तिला बोलावणं यायचं. तुमच्यापैकी ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घरातली कुडाची भिंत शेणाने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढायचा. मधे देवी, भोवती नक्षीची चौकट, चौकटीबाहेर झाडं, माणसं, गाई, वाघ, सगळं रान. सवाशिणींनीच काढायचा. तोवर लग्न लागत नाही. ही काढायला बसली की बाकीच्या बायका नुसत्या बघत राहायच्या, असं मला तिच्या पाड्यावरच्या एकाने सांगितलं. मी स्वतः तिचा चौक कधी पाहिला नाही. तिने दोनदा लग्नाला बोलावलं होतं. मला वेळ नव्हता.

तोच काळ वारली चित्रांची हवा सुरू होण्याचा. भेटकार्डावर वारली, पडद्यावर वारली, साडीच्या पदरावर वारली. एक दिवस मुंबईहून मोटार घेऊन एक बाई आल्या. कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीसाठी चित्र हवं होतं. कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं, नेमकी त्या दिवशी आजी आलेली. मी दुभाष्या झालो.

"मधे ती देवी हवी," बाई म्हणाल्या.

"लगीन कुनाचं?" आजीने विचारलं.

"लग्न नाही हो, हॉटेल आहे."

"हाटेलाचं लगीन लावतात का?"

रांगेतले सगळे हसले. बाईही हसल्या, पण ही हसत नव्हती. ती मला समजावून सांगायला लागली. तिच्या घरची रीत अशी की देवी काढली म्हणजे ती येते. आली की तिला गाणं लागतं, खायला लागतं, लग्न लागतं, आणि मग तिची पाठवणी. "बोलावली, आली, आन तशीच बसून ऱ्हायली तं? कोन जबाबदार? तू व्हतोस का?" मी कानावर हात ठेवले. शेवटी तिने बाईंना पुठ्ठ्यावर तारप्याच्या, म्हणजे भोपळ्याच्या वाद्याच्या, सुरावर नाचणारी माणसं काढून दिली, भोवती झाडं काढली, आणि मधली जागा चौकट घालून मोकळी ठेवली. बाईंना ती मोकळी जागाच फार आवडली. "काय स्पेस सोडलीय!" म्हणत त्या मोटारीत बसल्या.

हे मी मुद्दाम सांगतोय. ती मोकळी जागा का असते, हे मला तेव्हापासून माहीत होतं.

आता तिच्या कामाचं. पाड्याला लागून दीड एकर भातशेत होतं. तिच्या आजेसासऱ्यापासून ते हेच लोक कसत होते आणि पिकातला वाटा खंड म्हणून मालकाला देत होते. मालक भिवंडी शहरात राहायचा. कायद्याने ते शेत कधीच कुळाच्या नावावर व्हायला हवं होतं. झालं नव्हतं, कारण सातबाऱ्यावर कुळाचं नाव नव्हतं, आणि पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं 'पड' लागत आलं होतं. शेत डोळ्यांसमोर पिकतंय आणि कागदावर पडीक. हे कसं झालं ते तुम्हाला सांगायला नको. म्हाताऱ्या मालकाने निदान कसू दिलं. तो गेला आणि त्याच्या मुलाने हायवेलगतची जमीन म्हणून गोदामवाल्याशी बोलणी सुरू केली. दापोड्याकडे गोदामं उठायला लागली होती, तोच वारा आता इकडेही आला होता. तेव्हा ही अर्ज घेऊन उभी राहिली: आमचं नाव लावा.

सगळा प्रश्न एवढाच होता. ते शेत कसलेलं आहे की पडीक? कसलेलं ठरलं तर तिचं, पडीक ठरलं तर गेलं.

"पुरावा काय आहे, आजी?" मी विचारलं. "पावती? खंड दिल्याची चिठ्ठी?"

"पाटी भरून भात दिलं का कोन चिठी देतं?"

"साक्षीदार?"

"पाडा हाय ना सगला."

पाड्यावरची माणसं मालकाच्या वीटभट्टीवर कामाला. त्यातलं कोण उभं राहणार? मी तसं म्हणालो. ती मग म्हणाली, "मी काढून देतां. कोन कसतं, कसं कसतं, कोन भात नेतं, सगलं काढून देतां. सायेब बघंल ना?"

मला ती कल्पना झकास वाटली. साहेब नवे होते, हौशी होते, त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली वारली चित्राचं भेटकार्ड मी स्वतः पाहिलं होतं. म्हटलं, या चित्राने काम होणार. दफ्तरं बांधायचा जाड खाकी कागद मी शिपायाकडून मिळवला, हातभर रुंद आणि दोन हात लांब. भिंतीसारखाच मातकट रंग. तिलाही पसंत पडला.

तीन दिवस ती माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर बसून चित्र काढत होती. पदराच्या गाठीत तांदूळ आणायची, त्याच शेतातला. ते वाटून पिठी पाण्यात कालवायची. बांबूची काडी दाताने चावून तिचा कुंचा करायची. शिफ्ट सुटलेली लूमवाली माणसं घोळका करून उभी राहायची. "अम्मा, क्या बना रही हो?" "शेत," ही म्हणायची, मान वर न करता. एकाला ते बघून गाव आठवलं. तो डोळे पुसत गेला, मी पाहिलं.

काय काय काढलं तिने! पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब जाळणारी माणसं. रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका. बैल, नांगर. खळ्यावर मळणी. पाटीतून भात मालकाच्या गाडीत ओतणारा तिचा सासरा. आणि गाडीशेजारी छत्री धरून, पोट पुढे काढून उभा असलेला म्हातारा मालक. दोन त्रिकोण आणि चार रेघांत तिने त्याचं ते पोट असं काढलं होतं की कचेरीतला शिपाई बघून ओरडला, "अरे, हा तर तोच!" मला वाटलं, हीच आपली पावती.

मी मधेमधे शहाणपणा करत होतोच. म्हटलं, "आजी, बांधावर एक मोठा आंबा काढ. जुनी वहिवाट दिसेल."

"बांधावं आंबा न्हाय. शिवन हाय."

"कोण बघायला जातंय?"

"हाय ते हाय, न्हाय ते न्हाय," ती म्हणाली आणि शिवणीचं झाड काढलं. हे तिचं नेहमीचं वाक्य. रेशनच्या दुकानात साखर नसली तरी हेच आणि नवऱ्याच्या डोळ्यांबद्दल विचारलं तरी हेच.

तिसऱ्या दिवशी चित्र पूर्ण झालं. भोवताली दाटी, माणसं, जनावरं, सगळ्यांची तोंडं मधल्या चौकोनाकडे. आणि तो चौकोन मोकळा. चारी बाजूंनी बांधाची नक्षी, आत नुसता खाकी कागद.

"हे राहिलं ना, आजी."

"राह्यलं न्हाय. ती कणसरीची जागा." कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. उभं भात म्हणजेच ती. "भात काढलं म्हंजी तिला बोलावलं. इथं कचेरीत तिला कुटं बसवू? काय घालू खायला? तिला काढायची न्हाय." मग माझ्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, "तू अर्जात लिव. मधी रिकामं दिसतं ते आमचं शेत हाय, भरलेलं हाय, कणसरीचं हाय म्हनून काढलं न्हाय. आसं लिव हां भाऊ."

"लिहितो," मी म्हणालो.

आणि लिहिलं नाही.

मी विसरलो नव्हतो. अर्ज झकास जमला होता. 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर', मग मुद्दे एक ते सात, कायद्याच्या कलमासकट, अगदी वकिलाच्या तोंडात मारेल असा. आठव्या मुद्द्याला ते वाक्य घ्यायचं होतं. मी कागद मशीनमध्ये धरून बसलो आणि मला लाज वाटली. एवढ्या नेटक्या अर्जाच्या शेवटी कणसरी? साहेब हसतील. म्हणतील, टेमघरवाल्याचं डोकं फिरलं. देवीबिवी अर्जात चालत नाही, मी मनात म्हणालो, आणि सातव्या मुद्द्याखाली 'कळावे' टाइप केलं. चित्र तर बोलतंच आहे, अशी स्वतःची समजूत घातली. नवऱ्याच्या वतीने तिने अंगठा लावला. अर्ज तिला वाचून दाखवायचा असतो. मी सातपर्यंत भराभर वाचला आणि म्हटलं, "बाकी सगळं तू सांगितलंस तसं."

सुनावणीला आत मला जाता येत नसे. अर्जनवीस म्हणजे काही वकील नव्हे. ती एकटी गेली. मालकाच्या मुलाबरोबर काळा कोट होता. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, येऊन जागा पुसून बसली.

"काय झालं?"

"ईचारलं. सांगितलं."

"चित्र बघितलं?"

"बगितलं. लय आवडलं सायबाला." एवढंच. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि एसटीची वेळ झाली म्हणून गेली. मला वाटलं, काम फत्ते! त्या संध्याकाळी मी घरी भजी करायला सांगितली होती.

महिन्याभराने आदेशाची प्रत आली. ती घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वाच."

मी आधी डोळ्यांनी वाचत गेलो, आणि तिसऱ्या परिच्छेदावर थांबलो. अर्जदाराच्या पत्नीने स्वतःच सादर केलेल्या चित्रात वादातील क्षेत्र रिकामे दाखवलेले आहे. त्याबाबत विचारणा करता 'तिथे काढायचे नाही' असे उत्तर तिने दिले. लेखी अर्जात याबाबत कोणताही खुलासा नाही. सबब सदर क्षेत्र पडीक असल्याच्या अभिलेखातील नोंदीस पुष्टीच मिळते. अर्ज नामंजूर.

कोणताही खुलासा नाही! एक ओळ. माझ्या मशीनवर ती टाइप करायला अर्धं मिनिट लागलं नसतं.

"काय लिवलंय?" ती विचारत होती.

"नामंजूर," मी म्हणालो. "सातबाऱ्यावर पड आहे म्हणून."

"आजून काय?"

"अजून काही नाही."

तिसरा परिच्छेद मी गिळला. पण गिळायचं तेवढंच नव्हतं. आदेशाच्या तळाला, नेहमी असते तशी, ओळ होती की नाराज पक्षकाराला मुदतीत वरिष्ठांकडे अपील करता येईल. अपील केलं असतं तर ती ओळ तिथे लिहिता आली असती. पाड्यावर जाऊन बघा, भात उभं आहे, ते चित्रात का नाही त्याचं कारण हे, असं सांगता आलं असतं. मी ठाण्यातले दोन वकील ओळखत होतो. पण वकील पहिल्यांदा हेच विचारणार: अर्ज कुणी लिहिला? आणि मग ही म्हणणार, भाऊनं, आन मी सांगितलं व्हतं लिव म्हनून. चार लोकांत, कचेरीत, माझ्या तोंडावर.

"मंग आता पुढं काय?" तिने विचारलं.

मी मशीनवरची धूळ पुसली. "पुढं काही नाही, आजी," मी म्हणालो.

ती मग म्हणाली, "न्हाय तं न्हाय." प्रत माझ्याकडेच ठेवली. त्यांचं घर गळकं होतं, कागद टिकत नसत. "तुझ्याकडं कोरडं ऱ्हाईल."

अपिलाची मुदत मी दिवस मोजून घालवली. रोज सकाळी वाटायचं, आज वडप्याला जातो आणि सांगतो. रोज कुणीतरी गिऱ्हाईक यायचं. मुदत संपली त्या दिवशी मला हायसं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण वाटलं ते वाटलं.

चित्र फायलीत राहिलं नाही. साहेबांनी ते काच लावून खोलीत टांगलं, आणि पुढे त्यांची बदली झाली तेव्हा सामानाबरोबर गेलं. मी विचारलं तर शिपाई म्हणाला, "ती वारली पेंटिंग का? काय झकास होती!"

एकदाच मी वडप्याला गेलो, ते दुसऱ्याच कुणाच्या कामाला. हायवेवरूनच डंपर दिसले. शेतात मुरूम टाकत होते. कापणी झालेली, भाताच्या चुडाचे बुडखे अजून उभे, आणि त्यांच्यावर मुरूम. ती शिवणीखाली बसली होती. झाड तेवढं अजून तोडलं नव्हतं. मी जवळ गेलो. तिने मला बघून थोडं सरकून जागा दिली. रडत नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली, "कणसरीला कोन बोललंच न्हाय. मी सांगाया पायजे व्हतं, का बाय तू जा. तिची पाठवनी झाली न्हाय. ती खालीच हाय."

ऊन फार आहे, सावलीत बस, असं काहीतरी बोललो. ती सावलीतच होती.

त्यानंतर तिने चौक काढणं सोडलं. बायका बोलवायला यायच्या, ती नाही म्हणायची. तांदूळ दुकानातला, कुठल्या मातीतला कुणाला माहीत, असल्या पिठावर देवी कशी बसेल? मग पाड्यावरच्या मुली बाजारातला पांढरा रंग आणून काढायला लागल्या. त्यांचंही बरं चाललं होतं. ती बघायलासुद्धा जात नसे. मुलाला गोदामात हमाली मिळाली. त्याच शेतावरच्या गोदामात की शेजारच्या, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

माझ्याकडे मात्र ती येत राहिली. निराधार पेन्शनचा अर्ज, नवऱ्याच्या डोळ्यांचा दाखला. दर खेपेला पदरातून काहीतरी आणायची, पावसाच्या सुरुवातीला रानातली शेवळं, थंडीत करांद्याचे कंद. "वैनीला दे." मी ते घरी न्यायचो, बायको आवडीने रांधायची, आणि मी ताट बाजूला सारायचो. एकदा मी चिडलो. म्हटलं, "आजी, कशाला आणतेस? मी काय केलंय तुझ्यासाठी?"

"तू लिवलंस ना," ती म्हणाली.

मला वाटलं, बिचारीला काही माहीत नाही. आणि त्या वाटण्यावर मी आणखी पाच-सहा वर्षं सुखाने काढली. आहे की नाही कमाल?

मग ती यायची थांबली. शेवळांचा हंगाम आला आणि गेला. म्हातारा आधीच गेला होता, एवढं कानावर होतं. मी चौकशी केली नाही. नव्वदच्या दशकाची निम्मी वर्षं सरली होती, कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला होता आणि माझी रांग आखूड होत चालली होती. एका सकाळी एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर मूल, हातात रेशनकार्ड. ती बाकड्यावर बसली. मी आजीची सून, असं म्हणाली. आये गेली, नोंदीचा अर्ज हवा.

मी कागद चढवला. नाव, नवऱ्याचं नाव, मुक्काम. कशी गेली, तर ताप आला, तीन दिवस. मग मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी, त्या माउलीच्या सुनेसमोर, मी म्हणालो, "बाई, एक सांगायचंय. त्या चित्राबद्दल तुमच्या सासूबाईंनी मला एक गोष्ट लिहायला सांगितली होती. मी ती अर्जात लिहिली नाही."

"ठावं हाय," सून म्हणाली.

"कुणाला?"

"आयेला. तवाच." तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "सायबानं ईचारलं, मधी काय न्हाय ते का? आये बोलली, कागदात लिवलंय, भाऊनं लिवलंय, वाचा. सायबानं दोनदा वाचला. बोलला, न्हाय लिवलेलं. घरी आली आन सांगितलं तिनं. माझा नवरा लय भडकला, बोलला, जाऊन ईचारतां त्याला. आयेनं जाऊ दिलं न्हाय. बोलली, राह्यलं आसंल. येवढं लिवतो, येक राह्यलं. त्याला तोंडावं बोलू नका, त्याला लागंल."

लूमची खटखट चालू होती. मी मशीनच्या कळांकडे बघत होतो. म्हणजे आदेश वाचून दाखव म्हणून ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. "आजून काय?" असं विचारून ती मला संधी देत होती. दोनदा दिली.

"नवरा आजून बोलतो," सून सांगत होती. "बोलतो, पुढं कायतरी करता आलं आसतं, वरच्या कोर्टात. आये नको बोलायची. ती बोलायची, पुढं काय आसतं तं भाऊनं सांगितलं आसतं. येकदा चुकला, दुसऱ्यांदा कशाला चुकंल?" तिने माझ्याकडे सरळ बघितलं. रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "न्हवतं ना भाऊ, पुढं काय?"

मी तोंड उघडलं. तुम्ही असतात तर काय म्हणाला असता, मला माहीत नाही.

"नव्हतं," मी म्हणालो.

"मंग बरं," ती म्हणाली, आणि तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "आता त्याला सांगतां तसं."

अर्जात एक रकाना राहिला होता. मयताचा व्यवसाय. मी तो मोठ्याने वाचला.

"शेती," सून म्हणाली.

मी शेती टाइप केलं.